तिला मी बाहेर घेतलं

सामन्याच्या दिवशी सकाळी मला काही खाता येत नाही. नवरा पोहे करतो, मी त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाते आणि ताटली सरकवून ठेवते. आता खेळायचं नसतं, रेषेच्या बाहेर उभं राहायचं असतं. तरी भीती वाटते ती वाटतेच.

फुटबॉल मला कोल्हापुरात लागला. तिथे पेठांचे संघ, पेठांची भांडणं, आणि सामना असला की अर्धं गाव मैदानावर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. मुलींचा संघ उभा राहिला तेव्हा त्यांनी स्वतःच मला नेऊन उभं केलं. मी उंच, आणि पळायला फार जलद नाही, म्हणून स्टॉपर. स्टॉपर म्हणजे कीपरच्या पुढे उभी असणारी शेवटची. आपली चूक झाली तर ती झाकायला मागे कीपरशिवाय कुणी उरत नाही.

"भ्या वाटतंय न्हवं?" आबा विचारायचे. मी मान हलवली की म्हणायचे, "वाटू दे. त्यानंच डोळं उघडं ऱ्हात्यात."

कॉलेजात असताना एका सामन्यात कॉर्नर आला आणि मी आणि समोरची फॉरवर्ड एकाच बॉलसाठी उडालो. डोक्यावर डोकं आपटलं. तिथपर्यंत मला आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलेलं आहे. मी उठले, कपड्यांची धूळ झटकली, खेळत राहिले, आणि शेवटी शेवटी गोलरेषेवरून एक बॉल पायाने बाहेर काढला. आम्ही जिंकलो. आबांनी तो बॉल जन्मभर येईल त्या पाहुण्याला सांगितला. मी बाजूला उभी राहून हसायचे. मला तो बॉल आठवतच नव्हता. मला आठवत होतं ते त्या संध्याकाळचं. मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, दोन्ही बाजूंना घरं आहेत, आणि त्यातलं आमचं कुठलं ते मला कळत नाहीये. शेजारच्या काकू दळण घेऊन येत होत्या. "का गं, अशी का उभारलीयास?" म्हणाल्या. मी त्यांच्या मागोमाग चालत गेले. सकाळी सगळं पूर्ववत झालं होतं. घरात कुणालाच मी हे सांगितलं नाही, पण मुलींना हेडिंग, डोक्याने बॉल मारणं, शिकवताना प्रत्येक वेळी ती गल्ली माझ्या डोळ्यांपुढे येते.

पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पुण्यात एका शाळेत पी.टी. शिकवलं, लग्न झालं. नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली, रॅफल्स प्लेसला एका बँकेचं सॉफ्टवेअर बघायची, आणि मी त्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर, त्याच्याबरोबर आले. पहिली दोन वर्षं मी आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, हिरवळीवर आमच्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना बॉल थांबवायला शिकवत होते. त्यातल्या एका आईने मला म्हटलं, तू कोचिंगचं लायसन्स का काढत नाहीस? काढलं. त्या वर्गात आम्ही बायका दोघीच होतो. मग एका कम्युनिटी क्लबच्या मुलींना शनिवार-रविवार विनामोबदला शिकवू लागले. तिथे एका कॉलेजच्या महिला संघाचे हेड कोच आपल्या भाचीला सोडायला यायचे. पन्नाशीचे, एकेकाळचे नावाजलेले फॉरवर्ड, कमी बोलणारे. महिनाभर लांबून बघत राहिले आणि मग एकदा बर्फ घातलेल्या चॉकलेटी मायलोची नळी लावलेली पिशवी हातात धरून माझ्यापाशी आले.

"माझी टीम गोल मारते," ते म्हणाले, "आणि त्याहून जास्त खाते. मागच्या चौघी तू सांभाळशील का?"

अशी मी डिफेन्स कोच झाले. कॉलेजने माझ्या नावाचा पास काढला. तो फोनवर आला त्या दिवशी मी तो आबांना पाठवला. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी फोटोच बघितला. "जरा हसायचं न्हाईस व्हय," म्हणाले.

कामाचं स्वरूप साधं होतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या चौघींना एका दोरीत बांधल्यासारखं चालायला शिकवायचं. एक पुढे गेली की बाकीच्यांनी तिची जागा भरायची. बोलत राहायचं. सिंगापूरच्या मुली अभ्यासाला हुशार आणि सांगितलेलं करायला तयार, पण एकमेकींवर ओरडायला लाजायच्या. मी त्यांना ओरडायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी आमच्यावर गोल होणं जवळजवळ थांबलं, आणि मुली मला कौतुकाने "आन्टी बस पार्क करते" असं म्हणायला लागल्या. म्हणजे गोलपुढे अख्खी बस आडवी लावते.

त्या चौघींच्या मधोमध उभी राहायची ती मुलगी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होती. उंच, शांत, केस अगदी बारीक कापलेले. हेडिंगला तिचा हात धरणारी त्या वर्षी कुणी नव्हती, आणि ते तिला मी शिकवलं होतं. डोळे मिटायचे नाहीत, मान ताठ, कपाळाने बॉलला जाऊन भिडायचं. ती हे करायची तेव्हा मला अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी भीतीही वाटायची.

तिसऱ्या वर्षी आम्ही फायनलच्या दारात होतो. शेवटचा साखळी सामना बरोबरीत सुटला तरी पुरे होतं. दुपारचं ऊन कलत होतं, हवा दमट, मैदानाच्या पलीकडे ढग जमत होते. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. हेड कोच मला म्हणाले, "आता फक्त दार लावून घे." मी म्हटलं, लावते.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, खेळ सुरू झाला, आणि लगेचच एक लांब बॉल आला. ती उडाली. समोरचीही उडाली. मी रेषेवर होते, बरीच लांब, पण आवाज मला ऐकू आला. दोन्ही मुली खाली पडल्या. समोरची डोकं चोळत उठून बसली. आमची उताणी पडून होती, आणि तिचा एक हात हवेत तसाच राहिला होता.

रेफरीने आत बोलावलं. संघाबरोबर प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेली एक विद्यार्थिनी असायची, ती आणि मी धावत गेलो. आम्ही पोचेपर्यंत ती उठून बसली होती.

"ओके, ओके. कॅन प्ले ला, कोच," ती इथल्या, शेवटी 'ला' लावायच्या इंग्रजीत म्हणाली.

विद्यार्थिनीने बोट नाचवलं, तिने डोळ्यांनी त्याचा पाठलाग केला. आजचा वार सांगितला. विरोधी संघाचं नाव सांगितलं. विद्यार्थिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक वाटतंय." मी गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "आपला गोल कुठला? कुठला वाचवतेयस?"

तिने हात करून दाखवलं. चुकीचा दाखवला.

एक क्षणच. मग तिने मान झटकली आणि दुसरीकडे बोट केलं. "सॉरी, सॉरी. आत्ताच बाजू बदलल्या ना."

तेही खरं होतं. बाजू नुकत्याच बदलल्या होत्या. शुद्धीवर असलेली कुणीही चुकली असती. पण मला ती गल्ली आठवली. मी तिचा हात धरला. ती उठली, मीही उठले, आणि मी हात सोडला नाही. तिला चालवत रेषेपर्यंत आणलं. हेड कोच उभे होते.

"ठीक आहे ना ती?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"ती म्हणतेय ठीक आहे. ही मुलगी म्हणतेय ठीक आहे."

"हो. पण मला माहीत नाही. मी तिला परत आत नाही जाऊ देणार."

"बेंचवर मागची कोण आहे तुला माहीत आहे." बेंचवर मागे खेळणारी एकच होती, पहिल्या वर्षाची, त्या मोसमात एकदाही न उतरलेली. "पाच मिनिटं थांबू. बघू."

मी थांबले नाही. बदली खेळाडूचा नंबर दाखवायची पाटी घेऊन एक अधिकारी रेषेवर उभा असतो, तिचा हात धरूनच मी त्याच्यापाशी गेले आणि दोन्ही नंबर सांगितले. पाटी वर गेली. माझ्या हातातला तिचा हात एकदम सैल पडला. तिने मला तमिळमध्ये की होक्कियन या चिनी बोलीत, कुणाकडून शिकलेली कोण जाणे, एक शिवी दिली आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. हेड कोच वळून मैदानाकडे बघायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिल्या वर्षाच्या त्या मुलीने जीव तोडून खेळ केला. पण तिला बाकीच्या तिघींचं चालणं कळत नव्हतं. ती एकदा पुढे गेली, जागा उघडी राहिली, आणि त्याच जागेतून गोल झाला. सामना आम्ही त्या एका गोलने हरलो.

मी तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. तिच्या वडिलांना फोन केला, ते परस्पर तिकडे निघाले. टॅक्सीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मी दर थोड्या वेळाने तिला हाक मारत होते. ती "हं" म्हणायची. एका सिग्नलला म्हणाली नाही. मी तिचा खांदा गदागदा हलवला, तेव्हा तिने डोळे उघडले आणि त्यात नुसता राग होता. "मी झोपले नाहीये," ती म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचं नाहीये."

इस्पितळात त्यांनी तिला आत घेतलं आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोरच्या पडद्यावर रांगेचे नंबर बदलत होते. मी खूप घाबरले होते. आत डोक्यात रक्त साकळलं असेल, ही मुलगी उद्या आईला ओळखणार नाही, तिला हे हेडिंग मीच शिकवलंय, असं एकामागून एक मनात येत होतं. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक भीती होती, ती मला तिथेच बसल्याबसल्या कळली. काहीच निघालं नाही तर? मुलगी अगदी ठणठणीत निघाली तर मी काय केलं? या दोन्ही भीती एकाच वेळी माझ्यात होत्या, आणि दुसरी आहे हे कळल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली.

तिचे वडील आले. कामाच्याच कपड्यांत होते. आम्ही दोघं शेजारी बसलो. त्यांनी पाण्याची बाटली आणली होती, ती मला दिली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. स्कॅन स्वच्छ आहे म्हणाल्या. मेंदूला धक्का बसला असेल, नसेलही, तो स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही. दोन आठवडे विश्रांती, मग हळूहळू. मी विचारलं, "ती पुढे खेळली असती तर?"

"ते कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "कदाचित काहीही झालं नसतं."

वडील बाहेर येताना म्हणाले, "रडतेय. डोकं दुखतंय म्हणून नाही, मॅच गेली म्हणून." त्यांनी आभार मानले की नुसती मान हलवली ते मला नीट समजलं नाही.

पुढच्या आठवड्यात हेड कोचनी मला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बोलावलं. दोघांसाठी कोपी, इथली गोड कॉफी, घेऊन आले.

"तू चूक केलीस असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "डोक्याला मार असला की शंका आली तरी बाहेर, नियम तुझ्या बाजूने आहे. मीही पाच मिनिटांनी तिला काढलंच असतं, बहुतेक."

"बहुतेक," मी म्हटलं.

"हो, बहुतेक. पण पाटी कुणाची, कधी, हे मी ठरवतो. मुलींनी बघितलं की बाजूला उभे असलेले दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत. आता मी त्यांना मागच्या चौघींबद्दल काही सांगितलं तर त्या आधी तुझ्याकडे बघतील."

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला त्यांच्याबद्दल राग आणता येत नव्हता. राग आला असता तर भीती थोडी कमी झाली असती.

करार मोसमापुरताच असायचा. तो पुढे वाढला नाही. कारण कुणी दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती. माझा पास रद्द झाला आणि मी पुन्हा नवऱ्याच्या पासवर गेले. नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या बँकेत माणसं कमी करायला सुरुवात झाली. त्याच्या शेजारचा, आमच्याच ओळखीतला एक नाशिकचा इंजिनिअर, सकाळी गेला आणि दुपारी घरी आला. त्यांनी सोफा विकायला काढला. मी तो बघायला गेले नाही.

घरात आम्ही हळू बोलायला लागलो. नवऱ्याच्या फोनला मेसेज आला की मी हातातलं काम थांबवून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. तो म्हणायचा, "अगं, नुसता डिलिव्हरीवाला आहे."

"तुझं गेलं तर आपलं सगळ्यांचंच जाईल," मी एकदा म्हटलं.

"जाईल तर जाऊ दे. पुणं कुठे पळून गेलंय?"

पण तोही घाबरला होता. आंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर नेत होता. आमची लेक दुसऱ्या खोलीत अभ्यास करत असायची. एकदा जेवताना ती इंग्रजीत म्हणाली, "आर वी गोइंग बॅक? जस्ट टेल मी ला." मी तिला मराठीत सांगितलं की आम्हाला माहीत नाही. तिने वरणभात कालवला आणि खाल्ला. खोटं सांगायला हवं होतं की काय, असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

नवऱ्याचं काम वाचलं. कसं वाचलं ते त्यालाही ठाऊक नाही. मी काम शोधत राहिले. कॉलेजांकडून उत्तरं येत नव्हती. फुटबॉलचं जग इथे लहान आहे, आणि मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे. कदाचित कुणालाच माहीत नसेल. शेवटी लहान मुलांच्या एका अकादमीने घेतलं. मैदान बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसला, एका कारखान्याच्या मागे. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं आणि पुढे बस. तिथल्या इंजिनिअरांची सहा-सात वर्षांची पोरं. त्यांच्यात डिफेन्स नावाची गोष्टच नसते, सगळी पोरं बॉलमागे एकाच घोळक्यात धावतात. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायचे. आबांनी फोनवर विचारलं, काय शिकवतीस? मी म्हटलं, नाड्या बांधायला. ते खूप हसले, आणि मलाही त्या महिन्यांत पहिल्यांदाच हसू आलं. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

अकादमीत दोन वर्षं काढल्यावर एका दुसऱ्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. या वेळी मुलांचा संघ होता. टेबलापलीकडे तिघं बसले होते. पहिलाच प्रश्न, आधीचं कॉलेज का सोडलं? रात्रभर मी त्याचं गुळगुळीत उत्तर तयार केलं होतं. ते तोंडातून आलंच नाही. मी घडलं तसं सांगितलं. स्कॅन स्वच्छ निघाला, हेसुद्धा.

त्यातला एक जण माझ्याहून तरुण होता. तोच हेड कोच असणार होता. त्याने विचारलं, "उद्या मी थांब म्हटलं, तर?"

"तर तुमच्याशी भांडण होईल," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, आणि ते त्यांना कळत होतं. "पण मुलगा बाहेर बसलेला असेल."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की हे काम गेलं. आठवड्याने त्यांचं पत्र आलं. त्यांनी का घेतलं, मी विचारलं नाही. विचारलं तर ते पुन्हा विचार करतील असं वाटलं.

मध्यंतरी तांजोंग पगार या ऑफिसांच्या भागात, एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, ती मुलगी भेटली. गळ्यात ऑफिसचं कार्ड, केस आता खांद्यापर्यंत. तिनेच हाक मारली. आम्ही एका टेबलावर बसलो. तिने फिशबॉल नूडल्स घेतले होते, मी डोसा. कंपन्यांच्या लीगमध्ये ती अजून खेळते, मागेच, मधोमध.

"मी ठीक होते, कोच," ती अचानक म्हणाली. "त्या दिवशी. बाजू आत्ताच बदलल्या होत्या. कुणीही चुकलं असतं."

"असेल," मी म्हटलं.

"आम्ही फायनल खेळलो असतो."

"हो. खेळला असतात."

ती सॉरी ऐकायला थांबली होती का, मला माहीत नाही. मी म्हटलं नाही. "आज तसंच घडलं," मी म्हटलं, "तर मी आजही तेच करीन."

तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. राग होता, पण पूर्वीचा नव्हता. मग तिने विचारलं की हल्ली लांब बॉल आला की तिला उडायच्या आधी धडकी भरते, तर हे जाईल का? पूर्वी असं नव्हतं. मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, माझं अजून गेलेलं नाही. तिने मान हलवली, वाटी रिकामी केली, आणि ऑफिसला उशीर झाला म्हणून निघून गेली.

आता येत्या शनिवारी आमचा सामना आहे. माझ्या मागच्या चौघांतला डावीकडचा एकोणीस वर्षांचा आहे, हट्टी, आणि पुढच्या वर्षी इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला जाणार म्हणून एकही सामना सोडायला तयार नाही. गेले काही दिवस तो मांडीचा मागचा स्नायू दुखतोय हे माझ्यापासून लपवतो आहे. मी बघत असले की सरळ चालतो. काल मी बाटल्या गोळा करायचं निमित्त करून पाठ वळवली आणि काचेच्या दारात त्याला बघितलं. तो पाय ओढत होता. आज संध्याकाळी सरावाला जाऊन मला त्याच्याशी बोलायचं आहे. मी बूट घालून केव्हाची बसून आहे.